सुनावणीचा अधिकार : दुःस्वप्नलोकातील बहिष्कृत आणि समाजाची मूल्ये

१

५ नोव्हेंबर १९७८ रोजी मुंबईच्या जुहू उपनगरात, जानकी कुटीरच्या परिसरात, 'पृथ्वी थिएटर' सुरू झाले. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या छोटेखानी नाट्यगृहाचा पडदा ज्या नाटकाने उघडला, ते मूळ मराठी नाटक होते : गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' (१९७४). प्रयोग हिंदीत झाला. दिग्दर्शन ओम पुरी यांचे होते आणि नसीरुद्दीन शाह, ओम पुरी व बेंजामिन गिलानी यांनी त्यात भूमिका केल्या. ही घटना नाट्येतिहासात बहुधा एका रंगमंदिराच्या जन्माची नोंद म्हणून येते. तिच्यातील आशयाचा योगायोग मात्र फारसा कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. नव्या रंगभूमीचा आरंभ ज्या कलाकृतीने झाला, तिचा विषय एका माणसाला संस्थेबाहेर काढण्यापूर्वी होणारी चौकशी हा होता. श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी हा डाव्या विचारांचा प्राध्यापक विद्यापीठातील आपल्याच सहकाऱ्यांसमोर बसला आहे. ते प्रश्न विचारीत आहेत, तो उत्तरे देतो आहे. नाटक म्हणजे जवळजवळ ही चौकशीच होय.

याच जुहूत विमानतळालगत नेहरूनगरसारखी झोपडवस्ती आहे, किनाऱ्यावर कोळ्यांचे जुने गावठाण आहे, आणि त्यांच्या मध्ये चित्रपटसृष्टीतील धनिकांचे बंगले आहेत. नाट्यगृहात एका बहिष्कृताची बाजू दोन अंक ऐकली जाते. नाट्यगृहापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना जेव्हा जागेवरून हटविले जाते, तेव्हा त्यांची बाजू किती वेळ ऐकली जाते, हा प्रश्न वरवर पाहता साहित्यबाह्य वाटेल. तो तसा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुःस्वप्नलोकाचे चित्रण करणाऱ्या साहित्यात, म्हणजे ज्याला इंग्रजीवरून 'डिस्टोपिया' म्हटले जाते त्या साहित्यात, बहिष्कृत व्यक्तिरेखा समाजाची मूल्ये उघड करते, असे विधान समीक्षेत वारंवार केले जाते. विधान खरे असले तरी अपुरे आहे. बहिष्कृत कोण आहे एवढेच पाहून भागत नाही. त्याला बाहेर काढण्यापूर्वी समाज त्याचे म्हणणे ऐकून घेतो काय, आणि कोणाचे ऐकून घेतो, या प्रश्नापाशी मूल्यव्यवस्था खऱ्या अर्थाने उघडी पडते.

२

'डिस्टोपिया' या संज्ञेचा राजकीय भाषेतील वापर जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ साली ब्रिटिश संसदेतील भाषणात केला. तिची जननी असलेली 'युटोपिया' ही संज्ञा त्याहून साडेतीनशे वर्षे जुनी; टॉमस मोरचा ग्रंथ १५१६ चा. या दोन संज्ञा परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे. तथापि मोरचा आदर्शलोक बारकाईने वाचला तर भारतीय वाचकाला तेथे एक परिचित व्यवस्था दिसते. या आदर्श नगरीतील नागरिकांना जनावरे कापण्याची मनाई आहे. त्या कामामुळे माणसातील दयाभाव नष्ट होतो, असे तेथे मानले जाते. मांस मात्र नागरिक खातात. मग कत्तलीचे काम कोणी करावयाचे? नगराबाहेर, वाहत्या पाण्याजवळ, गुलामांनी. पुढे हे स्वच्छ केलेले मांस नगरात येते. दयाभाव नागरिकांचा, रक्त गुलामांच्या हाताला, आणि जागा वेशीबाहेर. सोळाव्या शतकातील इंग्रज मानवतावाद्याने कल्पिलेली ही श्रमविभागणी महाराष्ट्रातील गावगाड्याच्या अभ्यासकाला नवी वाटणार नाही.

येथून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. समाज माणसाला दोन कारणांनी बाहेर ठेवतो. एक, त्याची भीती वाटते म्हणून. दोन, त्याचा उपयोग हवा असतो पण सहवास नको असतो म्हणून. पहिल्या प्रकारचा बहिष्कृत हा मुळात आतला माणूस असतो. तो विचार करू लागतो, प्रश्न विचारतो, प्रेमात पडतो, पुस्तक वाचतो आणि म्हणून बाहेर पडतो किंवा काढला जातो. दुसऱ्या प्रकारचा बहिष्कृत कधी आत नव्हताच. त्याला बाहेर 'काढावे' लागत नाही; तो बाहेर असणे हीच आतल्यांच्या सुखाची पूर्वअट असते. पहिला बहिष्कृत समाजाचे भय सांगतो, दुसरा समाजाची गरज सांगतो.

पाश्चात्त्य दुःस्वप्नकथेचा मुख्य प्रवाह पहिल्या प्रकाराभोवती वाहिलेला आहे. ऑर्वेलच्या '१९८४' (१९४९) मधील विन्स्टन स्मिथ पक्षाचा सदस्य आहे. त्याला पकडल्यानंतर ओब्रायन त्याच्याशी जे दीर्घ संवाद करतो, ते छळाने भरलेले असले तरी संवादच आहेत. राज्यसत्ता या एका माणसाच्या मनावर अपार वेळ खर्च करते. हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये जगन्नियंता मुस्तफा माँड जॉनला आणि त्याच्या दोन मित्रांना समोर बसवून कला, विज्ञान, धर्म आणि सुख यांवर प्रदीर्घ चर्चा करतो. शिक्षा होते, पण म्हणणे ऐकून. या उलट '१९८४' मधील 'प्रोल' म्हणजे लोकसंख्येचे पंचाऐंशी टक्के. त्यांच्या मनात काय चालले आहे हे जाणून घेण्याची पक्षाला गरज वाटत नाही. हक्स्लेच्या जगातील एप्सिलॉनांशी तर कोणीच वाद घालीत नाही. त्यांना बाटलीतच घडविले आहे. कादंबरीकारांचा उपरोध या ठिकाणी आहे हे मान्य. पण कादंबरीचा कॅमेरा, तिचे निवेदन, तिची सहानुभूती ही ज्याची सुनावणी होते त्याच्याच खांद्यावर बसलेली असते, हेही तितकेच खरे.

या नियमाला अपवाद ठरणारी एक लहानशी कथा म्हणजे अर्सुला ले ग्विन यांची ओमेलास नगरीची कथा (१९७३). तेथे साऱ्या नगराचे सौख्य तळघरात डांबलेल्या एका मुलाच्या हालांवर उभे आहे, आणि ते प्रत्येक नागरिकाला ठाऊक आहे. मूल कधीकाळी विनवणी करीत असे. त्याला मायेचा एक शब्दही बोलावयाचा नाही, ही त्या सौख्याची अट आहे. बहिष्कृताला न ऐकणे हा येथे व्यवस्थेचा अपघात राहत नाही, तो तिचा करार बनतो. 'उपयोगाच्या' बहिष्कृताचे इतके नेमके आकलन त्या परंपरेत क्वचितच आढळते.

३

या भेदाच्या प्रकाशात साठ-सत्तरच्या दशकांतील मराठी साहित्याकडे पाहिले म्हणजे एक विलक्षण क्रम दिसू लागतो. दुःस्वप्नकथा म्हणून लिहिल्या न गेलेल्या तीन कलाकृती येथे एकत्र ठेवाव्यात : विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७), गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', आणि बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, जिच्या नावाचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. तिन्हींमध्ये समाज एका व्यक्तीला बाहेर काढतो आहे.

'उद्ध्वस्त धर्मशाळा'तील प्राध्यापकाला पूर्ण सुनावणी मिळते. चौकशी करणाऱ्यांचे हेतू स्वच्छ नाहीत, निर्णयाची दिशा आधीच ठरल्यासारखी आहे, तरीही कुलकर्णी बोलू शकतो. तो युक्तिवाद करतो, उपरोध करतो, आठवणी सांगतो, आपल्या पक्षाशी आणि आपल्या माणसांशी असलेले नाते तपासतो. चौकशी करणारे आणि आरोपी एकच भाषा बोलतात, एकाच ग्रंथालयात वाढलेले आहेत. म्हणून त्याचा पराभवही एका बुद्धिमंताचा पराभव म्हणून प्रतिष्ठित होतो.

'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये सुनावणीचे नाटक होते. एक हौशी नाट्यमंडळी वेळ घालविण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडते आणि पाहता पाहता तो लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या खाजगी आयुष्यावरील खरा खटला बनतो. साक्षी होतात, आरोप सिद्ध होतात. तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. शिक्षेपूर्वी तिला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत ती काहीच बोलत नाही. तिचे सुप्रसिद्ध स्वगत येते ते रंगमंचावरील इतर सारी पात्रे गोठलेली असताना. ते प्रेक्षक ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. मराठी रंगभूमीवरील या सर्वांत प्रभावी स्वगताची रचनाच असे सांगते की, ज्यांनी ऐकावयास हवे होते त्यांच्या कानी ते कधी पडलेच नाही. याच नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट काढला, आणि पुढे जुहूच्या पृथ्वी थिएटरशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

बागुलांच्या कथेत सुनावणीच नाही. रेल्वेत नोकरीला लागलेला, शिकलेला, नव्या भारताच्या आशेने भारलेला एक तरुण परमुलखात राहण्यासाठी खोली मिळवितो. तो आपली जात सांगत नाही. ती कळल्यावर त्याला मारहाण होते. कोणी प्रश्न विचारीत नाही, साक्षीपुरावा होत नाही, दहा सेकंदही दिले जात नाहीत. त्याला सोडविण्यासाठी त्याच्याच समाजातला काशीनाथ सकपाळ धावून यावा लागतो. या तरुणाजवळ शब्द नव्हते असे नाही. तो कवितेवर प्रेम करणारा, उत्तम बोलणारा माणूस आहे. परंतु त्याचे शब्द त्याच्या जातीआधी पोहोचले तोवरच ऐकले गेले. जात पोहोचताच शब्द निकामी झाले.

ब्राह्मण पुरुषाला दोन अंकांची सुनावणी, मध्यमवर्गीय स्त्रीला दहा सेकंदांची, आणि दलित तरुणाला शून्य. हा क्रम कोणा एका लेखकाने ठरवून रचलेला नाही. तीन वेगवेगळ्या प्रवृत्तींच्या, वेगवेगळ्या राजकीय जाणिवांच्या लेखकांनी आपापल्या विषयाशी प्रामाणिक राहून जे लिहिले, ते एकत्र वाचल्यावर तो आपोआप उमटतो, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. समाज कोणाचे किती ऐकतो याचे जणू मोजमापच या तीन कलाकृतींत सापडते. तेंडुलकर किंवा देशपांडे यांच्यावर येथे कसलाही आक्षेप नाही. उलट बेणारेचे न ऐकलेले स्वगत लिहून तेंडुलकरांनी हा प्रश्न रंगभूमीवर आणला, आणि चौकशी या संस्थेलाच नाटकाचे रूप देऊन देशपांडे यांनी तिची यंत्रणा उघड केली. प्रश्न आहे तो वाचकाचा व समीक्षेचा : या तीन पायऱ्या ती एकाच जिन्याच्या मानते काय?

४

या ठिकाणी इतिहासाने घातलेली एक गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिले गेले आणीबाणीपूर्वी. जुहूत त्याचा प्रयोग झाला आणीबाणीनंतर. १९७५ ते १९७७ या काळात 'मिसा'खाली हजारो माणसे चौकशीविना तुरुंगात गेली. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली आणि १९७६ साली त्यांना अटक झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात, आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या वर्गाला आपले म्हणणे ऐकले जाईल अशी जन्मापासून खात्री होती, त्याने पहिल्यांदाच सुनावणी नसण्याचा अनुभव घेतला. मराठी मध्यमवर्गाला दुःस्वप्नलोक कल्पनेत शोधण्याची गरज राहिली नाही. तो काही महिने प्रत्यक्षात आला होता.

परंतु याच १९७६ मध्ये मुंबईत आणखी दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत झोपडपट्ट्यांची गणना होऊन रहिवाशांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्यात आली. मे महिन्यात ट्रॉम्बेजवळील जनता कॉलनी ही जुनी, मोठी वस्ती हलवून तेथील लोकांना आज चीता कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी नेण्यात आले. पहिल्या प्रकारचे बहिष्कृत आणि दुसऱ्या प्रकारचे बहिष्कृत एकाच वर्षी एकाच राज्यसत्तेला सामोरे गेले. पहिल्यांच्या अनुभवाचे ग्रंथ झाले, आठवणी लिहिल्या गेल्या, त्या योग्यच होत्या. दुसऱ्यांचा अनुभव नगररचनेच्या कागदपत्रांत राहिला.

सुनावणीचा प्रश्न पुढे न्यायालयात अक्षरशः याच शब्दांत उपस्थित झाला. १९८१ साली मुंबईतील पदपथांवरील रहिवाशांना हटविण्याची मोहीम सुरू झाली. तिच्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३१४ आयुक्तांना सूचना न देता अतिक्रमण हटविण्याची मुभा देते. जुलै १९८५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे असे मान्य केले. बाधित व्यक्तीचे म्हणणे सामान्यतः ऐकून घेतले पाहिजे असेही सांगितले. तथापि या रहिवाशांचे म्हणणे खुद्द या न्यायालयासमोर ऐकले गेले आहे, तेव्हा आता आयुक्तांनी ते पुन्हा ऐकण्याची आवश्यकता नाही, अशी त्याची निष्पत्ती झाली. झोपड्या पावसाळ्यानंतर हटविता येणार होत्या. ज्यांच्याजवळ १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र होते, त्यांना पर्यायी जागा मिळावयाची होती. पुढे हीच कसोटी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा तारखांच्या रूपाने चालू राहिली. त्या तारखेपूर्वीचा पुरावा असलेला माणूस पात्र, नंतरचा अपात्र.

एका दिवसाच्या फरकाने माणूस शहराच्या आत किंवा बाहेर ठरतो, ही कल्पना एखाद्या कादंबरीकाराने मांडली असती तर समीक्षेने तिला दुःस्वप्नकथेचे उत्तम रूपक म्हटले असते. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) मधील अम्मा, लुका, बेनवा ही माणसे अशाच काठावर जगतात. तिच्यावरील रवींद्र धर्मराज यांच्या १९८१ च्या चित्रपटाचा शेवट वस्तीवरून फिरणाऱ्या बुलडोझरने होतो. त्या शेवटात संवाद नाही, आणि ते स्वाभाविक आहे. बुलडोझरशी वाद घालता येत नाही. विन्स्टन स्मिथला ओब्रायन तरी होता.

५

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दलित साहित्याला किंवा झोपडपट्टीच्या कादंबरीला 'डिस्टोपिया' म्हणणे हा त्या साहित्यावर अन्याय नव्हे काय? दुःस्वप्नकथा ही कल्पनेची निर्मिती आहे. वाचक पुस्तक मिटतो आणि त्या जगातून बाहेर पडतो. बागुलांचे जग मिटता येत नाही. जे भोगले गेले त्याला वाङ्मयप्रकाराचे लेबल लावले की त्याची साक्ष म्हणून असलेली किंमत कमी होते, इतिहासाची जबाबदारी धूसर होते, आणि परदेशी संज्ञेच्या चौकटीत येथील जातवास्तव एक नमुना बनून राहते. हा आक्षेप योग्य आहे आणि तो स्वीकारलाच पाहिजे. बागुलांची कथा दुःस्वप्नकथा नाही.

परंतु यातून निघणारा दुसरा निष्कर्ष, की म्हणून या दोन साहित्यांचा परस्परांशी संबंध नाही, तो मात्र स्वीकारता येत नाही. आज मराठीच्या अभ्यासक्रमांत विज्ञानकथा एका घटकात, दलित साहित्य दुसऱ्या घटकात, महानगरीय कादंबरी तिसऱ्या घटकात अशी विभागणी सर्वत्र आढळते. परिणामी विद्यार्थी भविष्यातील काल्पनिक समाजाची मूल्ये तपासण्यासाठी एक परिभाषा वापरतो आणि वर्तमानातील समाजासाठी दुसरी. कल्पित समाजाबद्दल तो 'व्यवस्था', 'सत्ता', 'नियंत्रण' हे शब्द योजतो. बागुलांबद्दल लिहिताना 'वेदना', 'विद्रोह', 'दाहक अनुभव' हे. एका बाजूला विश्लेषण आणि दुसऱ्या बाजूला सहानुभूती, अशी ही वाटणी आहे. बहिष्कृताला विश्लेषणाच्या बाहेर ठेवण्याचा तो एक प्रतिष्ठित मार्ग झाला आहे. म्हणून नाव बदलू नये, प्रश्न मात्र समान विचारावेत : येथे कोणाला बाहेर ठेवले आहे, कोणत्या पद्धतीने, त्याच्याकडून काय घेतले जाते, आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकले?

शिवाय एक गोष्ट मराठी परंपरेजवळ अशी आहे, जी पाश्चात्त्य दुःस्वप्नकथेजवळ अभावानेच आढळते. ती म्हणजे बहिष्कृताने स्वतःच भरविलेली सुनावणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते, १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत'. ज्यांना बोलू दिले गेले नाही आणि ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांनी ही दोन्ही विशेषणे स्वतःच्या मथळ्यावर घेतली. १९१९ साली साउथबरो समितीसमोर आणि १९२८ साली सायमन आयोगासमोर आंबेडकरांनी दिलेल्या साक्षी म्हणजे शब्दशः सुनावण्याच होत; फरक इतकाच की, येथे आरोपीच्या जागी समाज होता. बागुलांच्या कथेचे शीर्षक प्रथमपुरुषी आहे, ही शैलीची बाब नाही. 'मी' म्हणणारा निवेदक वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवितो, आणि मग त्याला आढळते की, आपण मारणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहोत. विन्स्टनचा वाचक विन्स्टनबरोबर असतो. बागुलांच्या वाचकाला आपली जागा आधी तपासावी लागते.

६

या प्रकाशात मुंबईवरच बेतलेल्या एका निखळ दुःस्वप्ननाट्याचा विचार उद्बोधक ठरेल. मंजुळा पद्मनाभन यांच्या 'हार्वेस्ट' या इंग्रजी नाटकाला १९९७ साली ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला. २००१ साली गोविंद निहलानी यांनी त्यावर 'देहम्' हा चित्रपट काढला. २०१० सालच्या काल्पनिक मुंबईत, एका खोलीच्या घरात राहणारा ओम श्रीमंत देशातील ग्राहकाला आपल्या शरीराचे अवयव देण्याचा करार करतो. मोबदल्यात घरात अन्न, स्वच्छता आणि यंत्रे येतात. ओमचा भाऊ जीतू रस्त्यावर देहविक्रय करून जगणारा, घराने टाकलेला. जेव्हा रखवालदार अवयवदात्याला न्यावयास येतात, तेव्हा ओम दडून बसतो आणि ते जीतूला घेऊन जातात. तो आपण ओम नसल्याचे सांगतो, पण ऐकले जात नाही. बहिष्कृताच्या शरीराला किंमत आहे, नावाला नाही. मोरच्या युटोपियातील कत्तलखान्यापासून ओमेलासच्या तळघरापर्यंतची रेषा मुंबईच्या एका खोलीत येऊन पूर्ण होते. येथे भय आणि उपयोग यांतील भेदही स्पष्ट आहे : जीतूची कोणालाच भीती वाटत नाही, त्याचा फक्त उपयोग आहे.

मराठीत अशी उघड दुःस्वप्नकथा थोडी आहे. विलास सारंग यांच्या 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) या कादंबरीने हुकूमशाही राजवटीतील परक्याचा अनुभव मांडला. नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीने तंत्रज्ञानाधिष्ठित पाळत आणि बाजारसत्ता यांनी व्यापलेले नजीकचे भविष्य उभे केले. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. 'उद्या'चे महत्त्व असे की, ती भविष्याला परके मानीत नाही. आजच्या व्यवस्थेत ज्या प्रवृत्ती आहेत, त्यांना थोडे पुढे जाऊ दिले तर काय होईल, एवढेच ती विचारते. तिच्यापुढील आणि पुढच्या मराठी कादंबरीपुढील खरा प्रश्न सुनावणीच्या नव्या रूपाचा आहे. पूर्वी माणसाला बाहेर काढावयास पंच, प्राध्यापक किंवा आयुक्त लागत असे. आता रेशनदुकानातील यंत्राला मजुराच्या झिजलेल्या बोटाचा ठसा पटला नाही तरी पुरते. नकार मिळतो, नकार देणारा दिसत नाही. दहा सेकंद मागावयाचे कोणाकडे, हेच कळत नाही.

जुन्या पद्धती संपल्या आहेत असेही नाही. गावकी आणि जातपंचायती यांच्याकडून होणारे बहिष्कार थांबविण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एकविसाव्या शतकात अशा कायद्याची गरज भासणे हे महाराष्ट्राच्या पुरोगामित्वाबद्दल बरेच काही सांगून जाते. तसेच एका राज्याने ती गरज मान्य करून बहिष्काराला गुन्हा ठरविणे हेही एक मूल्यविधान आहे. समाजाची मूल्ये एकसंध नसतात. बाहेर काढणारा आणि बाहेर काढण्याला गुन्हा म्हणणारा, दोन्ही त्याच समाजाचे घटक असतात, आणि साहित्याने या दोहोंमधील ताण टिपावयास हवा.

७

पदव्युत्तर वर्गात दुःस्वप्नकथा शिकविताना सामान्यतः असे विचारले जाते की, या लेखकाने भविष्याबद्दल कोणता इशारा दिला. या प्रश्नाचे उत्तर सोपे असते, आणि ते देऊन विद्यार्थी निश्चिंतही होतो, कारण इशारा उद्यासाठी असतो. त्याऐवजी त्याला तीन पात्रे शेजारी ठेवावयास सांगावे : ज्याचे ऐकून घेऊन बाहेर काढले तो, जिचे ऐकल्याचे सोंग करून बाहेर काढले ती, आणि ज्याला न ऐकताच बाहेर ठेवले तो. प्राध्यापक कुलकर्णी, लीला बेणारे आणि बागुलांचा निनावी तरुण यांना एकाच तासिकेत वाचले, आणि त्यांच्याबरोबर विन्स्टन, जीतू व ओमेलासचे मूल यांना आणले, तर दलित साहित्याची साक्ष म्हणून असलेली प्रतिष्ठा यत्किंचितही कमी होणार नाही. उलट दुःस्वप्नकथेलाच आपल्या आंधळ्या कोपऱ्याचे भान येईल.

जुहूच्या त्या नाट्यगृहात १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये एका बहिष्कृताचे म्हणणे प्रेक्षकांनी शेवटपर्यंत ऐकले, ही मराठी नाटकाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. ते ऐकता आले याचे एक कारण असे की, तो त्यांच्याच भाषेत बोलत होता. ज्याची भाषा प्रेक्षकगृहाची नाही, ज्याच्याजवळ १९७६ चे ओळखपत्र नाही, ज्याच्या बोटाचा ठसा यंत्राला पटत नाही, त्याचे म्हणणे ऐकण्याची तयारी मराठी साहित्याने बागुलांच्या पिढीपासून केलेली आहे. समीक्षेने आणि अभ्यासक्रमाने ती अद्याप पुरेशी केलेली नाही. ती करणे हे मराठी विभागांचे आजचे काम आहे.